आग रामेश्वरी, कबाब सोमेश्वरी

बार्बेक्यूला कुणी भूक लागली म्हणून जात नाही. भूक लागली की माणूस वडापाव खातो, खानावळ गाठतो, नाहीतर घरी येऊन फ्रीज उघडून त्याच्यासमोर उभा राहतो. बार्बेक्यूला निमित्त लागतं. कुणाची पन्नाशी, कुणाचं प्रमोशन, कुणी कॅनडाला चाललंय, कुणी कॅनडाहून आलंय, ऑफिसात कुणी राजीनामा दिला म्हणून निरोप आणि त्याच्या जागी कुणी आलं म्हणून स्वागत. टेबलाच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात निखाऱ्यांची पेटी, पेटीवर सळया आणि माणशी ठरलेला दर भरला की 'अनलिमिटेड' खाणं, ही व्यवस्था पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय सोहळ्यांत मंगल कार्यालयाच्या खालोखाल रुजली आहे. फरक एवढाच, की मंगल कार्यालयात जेवण वाईट निघालं तर निदान यजमानांना नावं ठेवता येतात. इथे पैसे आपलेच गेलेले असतात.

मी या सोहळ्यांना भाचा, सहकारी, शेजारी, 'ग्रुपमधला एक' अशा निरनिराळ्या नात्यांनी हजेरी लावत आलो आहे. जेवणानंतरचं बोलणं ठरलेलं असतं. "तसं बरं होतं." "हो, तसं म्हणजे..." "कोळंबी जरा..." "चिकनही जरा..." "अननस मात्र छान होता हं!" आणि पुढच्या निमित्ताला कुणीतरी पुन्हा तिथलंच टेबल बुक करतं.

बुकिंगला वेळ काढून बसावं लागतं, कारण दर समजून घेणं हेच एक काम आहे. सोमवार ते शुक्रवार दुपारचा एक दर, रात्रीचा दुसरा. शनिवार-रविवारचा तिसरा आणि चौथा. शाकाहारी असाल तर थोडा कमी, लवकर येऊन लवकर उठलात तर आणखी थोडा कमी, आणि या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. मुलांचा दर वयावर. अमुक वर्षांखालचं मूल फुकट, तमुक वर्षांपर्यंत अर्ध्या दरात. त्यामुळे शाळाप्रवेशाच्या वेळी ओढूनताणून वाढवलेलं वय इथे दारातच उतरवलं जातं. माझ्या मामेबहिणीने लेकीकडून लिफ्टमध्ये "पाच सांग, पाच" असं घोकून घेतलं होतं. काउंटरवरच्या मुलाने कौतुकाने वय विचारलं, तर कन्या ताठ उभी राहून म्हणाली, "मला सातवं लागलंय." "तिला अजून आकडे नीट येत नाहीत," असं बहीण म्हणाली मात्र, कन्येने तिथल्या तिथे साताचा पाढा सुरू केला.

खरी तयारी असते मामांची. मामा बँकेतून निवृत्त. आदल्या रात्री त्यांनी ताक-भाकरीवर भागवलेलं असतं, सकाळी नुसता चहा, आणि कुणी पोह्यांची बशी पुढे केली तर ती हाताने मागे सारून ते म्हणतात, "आज बार्बेक्यू आहे." एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपण उपासाची थट्टा म्हणून वापरतो. मामांनी तिचं वेळापत्रक केलं. आधी एकादशी, मग दुप्पट.

टेबलावर बसल्याबरोबर त्यांची आचारसंहिता लागू होते. पाणी प्यायचं नाही. सूप घ्यायचं नाही, कारण सूप म्हणजे वाटीत घातलेलं पाणीच. कोल्ड्रिंक तर नाहीच नाही, त्यात गॅस असतो आणि गॅसला जागा लागते. रोटीला हात लावेल तो फितूर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, "बटाटा आला की मान हलवायची. आडवी."

योजना चोख. पण समोरच्यानेही मामा पाहिलेले असतात, रोज दुपारी आणि रात्री, हॉल भरून. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत उपाशी माणसासमोर काय ठेवायचं, हे हॉटेलने केव्हाच ठरवून टाकलेलं आहे. तळलेल्या मक्याच्या दाण्यांचा वाडगा येतो. पाठोपाठ छोटे बटाटे येतात, अंगावर गुलाबी सॉस ओतून घेतलेले. कालपासून उपाशी असलेल्या माणसाने कुरकुरीत मक्याकडे पाहून मान आडवी हलवावी, ही अपेक्षा संतांकडूनही करू नये. मामा 'नुसते दोन दाणे' तोंडात टाकतात. मग वाडगा स्वतःकडे ओढतात. "मका हलका असतो," असा खुलासा न विचारता येतो. कोळंबीची सळई टेबलावर पोचते, तोवर वर्दीही मेंदूत पोचलेली असते.

तरी जेवण बिघडतं ते मक्यामुळे नव्हे. ते बिघडतं त्या खड्ड्यामुळे, ज्याच्यासाठी आपण एवढ्या लांब आलेलो असतो.

निखाऱ्यांची पेटी येते तो क्षण मोठा भारदस्त. एक पोरगा लोखंडी आकड्याने ती तोलत आणतो, "सर, थोडा साइड" म्हणतो, टेबलभर कोपरं आवरली जातात, ओढण्या सावरल्या जातात, वडीलधारी मंडळी "जपून रे, जपून" करतात आणि पेटी खड्ड्यात बसते. फोन बाहेर निघतात. मग सळया येतात आणि कडेच्या खाचांमध्ये ओळीने विसावतात. प्रत्येकीवर चिकनचे तीन-चार तुकडे, मध्ये सिमला मिरचीचा एक चौकोन. आता हे आपण भाजणार, असं टेबलावरच्या प्रत्येकाला मनापासून वाटतं.

ते चिकन आधीच भाजलेलं असतं. असायलाच हवं. कोंबडी आतपर्यंत ७४ अंश सेल्सियसला पोचल्याशिवाय खायला सुरक्षित धरत नाहीत, आणि तो निवाडा कुठलंही हॉटेल आमच्या मामांवर सोपवणार नाही. खरं भाजणं आत, तंदूरमधल्या रणरणत्या आचेत उरकलेलं असतं. टेबलावरच्या निखाऱ्यांच्या वाट्याला उरतं ते नुसतं गरम ठेवण्याचं काम. आणि शिजलेलं मांस कोरड्या आचेवर 'गरम राहू दे' म्हणून ठेवलं की त्यातली प्रथिनं आवळत जातात, उरलंसुरलं पाणी पिळून बाहेर काढतात. दहा मिनिटांनी सळईवर चिकनचा तुकडा नसतो. तिथे चिकन होतं याचा पुरावा असतो.

शिवाय धुराचा प्रश्न. निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाला जी चव येते, तिचं बरंचसं श्रेय कोळशाचं नसतंच. मांसातली चरबी आणि मसाल्याचा रस निखाऱ्यावर ठिबकतो, जळतो, आणि त्याचा धूर वर येऊन मांसाला चिकटतो, ती ती चव. इथे कोंबडीच्या छातीच्या तुकड्यात ठिबकण्याइतकी चरबी नाही. आणि चुकून धूर झालाच तर तो ओढून घ्यायला यंत्र बसवलेलं आहे, कारण एसी हॉलमध्ये पैठणीला धुराचा वास लागला तर ते कुटुंब पुन्हा येणार नाही. धूर नको आणि धुराची चव मात्र हवी, असा हा मामला.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात. इथे आग रामेश्वरी आणि कबाब सोमेश्वरी. पेटलंय बाहेर, शिजलंय आत, आणि दोघांची गाठ पडते ती सगळं होऊन गेल्यावर.

सोमेश्वराचं नाव निघालंच आहे, तर कबाबांशी खरोखर संबंध असलेला एक सोमेश्वर होऊन गेला. बाराव्या शतकात कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणच्या, चालुक्यांच्या गादीवर तिसरा सोमेश्वर होता. त्याने 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राज्य कसं चालवावं इथपासून हत्ती कसे पकडावेत आणि अंगाला कोणती उटी लावावी इथपर्यंत सगळं त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, हेही त्यात नोंदवलेलं आहे. आणि स्वयंपाक तर आहेच. मांडे आहेत, वडे आहेत, सळईला लावून निखाऱ्यावर भाजायचं मांस आहे. शेतातल्या आणि नदीकाठच्या उंदरांचीही कृती आहे: सळईला लावायचे, लाल निखाऱ्यांवर कातडी जळून आक्रसेपर्यंत भाजायचे, वर मीठ, जिरं आणि सुंठ भुरभुरायची. हे मी एकदा टेबलावर सांगितलं. आत्याने घास खाली ठेवला. मामांनी विचारलं, "अनलिमिटेड का?"

थट्टा सोडा, पण राजाची सूचना काय आहे बघा. कातडी आक्रसेपर्यंत. म्हणजे कुणीतरी तिथे बसून त्या कातडीवर डोळा ठेवून आहे. आमच्या टेबलावर बारा माणसं असतात. सगळेच सळईकडे बघतात, म्हणून कुणीच बघत नाही. मामा सळई फिरवतात. मामेभाऊ तेलाचा ब्रश बुडवून सगळ्यांवरून एकदा हात मारतो. वहिनी म्हणते, "झालं वाटतं." मेहुणे म्हणतात, "अजून थोडं होऊ दे, कच्चं असेल." मेहुण्यांनी आयुष्यात कुकर लावलेला नाही, पण निखारे दिसले की घरातल्या पुरुषांना आपण मूळचे आचारी असल्याचा साक्षात्कार होतो. मग कुणी म्हणतं, थांबा, आधी फोटो. फोटोत एकाचे डोळे मिटलेले येतात, म्हणून दुसरा फोटो. विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब होतो आणि चिकन वाळत राहतं.

आत्या शाकाहारी. तरी ती येते, कारण नाही आली तर ती का आली नाही याची चर्चा तिच्या मागे होईल. टेबलाची डावी बाजू तिच्यासाठी राखलेली असते. खड्डा मात्र एकच. उजवीकडे मटणाचे सीखकबाब, डावीकडे पनीर, आणि मधोमध एक मशरूमची सळई, जिच्यावर दोन्ही बाजू हक्क सांगत नाहीत. तेलाचा ब्रश हा आत्याच्या लेखी टेबलावरचा सर्वांत संशयित इसम. "भैया, वो चिकनका ब्रश इधर मत लाव हं. इधरका अलग है ना? अलगच है ना?" पोरगा ओडिशाहून आलेला. तो नम्रपणे म्हणतो, "हां मॅडम, अलग है." दोनच मिनिटांत मामेभाऊ गप्पांच्या भरात तो ब्रश उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे फिरवून मोकळा होतो. आत्या तेव्हा खिडकीबाहेरची रहदारी बघत असते. धर्म सांभाळायचे अनेक मार्ग आहेत. वेळेवर दुसरीकडे बघणं हा त्यांतला फार जुना आणि भरवशाचा.

शाकाहारी माणसाला पैसे थोडे कमी पडतात, पण त्यात मिळतं काय? पनीर, बटाटा, मका, मशरूम, आणि पुन्हा पनीर, या वेळी हिरवं. पनीरची गोची अशी की ते चीजसारखं वितळत नाही. आचेवर जितकं ठेवाल तितकं घट्ट होत जातं. दुसऱ्या खेपेचं पनीर ताटात टाकलं की आवाज येतो.

मग अननस येतो. जाड फोडी, वर तिखट-मिठाचा आणि दालचिनीचा हात. तो कच्चाच येतो, त्याला आत कुणी भाजलेलं नसतं. निखाऱ्यावर त्यातली साखर तपकिरी होते, कडा किंचित करपतात. त्यातलं ब्रोमेलिन नावाचं विकर, ज्याच्यामुळे कच्च्या अननसाने जीभ चुरचुरते, ते उष्णतेने निकामी होतं. पाणी तर त्यात इतकं, की मेहुण्यांनी ठरवलं तरी तो वाळत नाही. सगळ्या टेबलावर खरोखर टेबलावरच भाजला जाणारा हा एक पदार्थ, आणि जेवणानंतर सगळे ज्याची आठवण काढतात तोही हा एकच. यातून काही निष्कर्ष काढावा असं कुणालाही वाटत नाही. मामा तर अननसाला शिवत नाहीत. "अननस काय, मंडईत मिळतो."

मामांच्या डोक्यात मीटर चालू असतं. चिकनची सळई बाहेर घेतली तर इतके, कोळंबी तितके, सीखकबाब अमुक. "अजून साडेतीनशे यायचेत," ते घाम पुसत जाहीर करतात. कोळंबीवर त्यांची भिस्त सगळ्यांत जास्त, आणि हे हॉटेललाही ठाऊक. मका न मागता येतो. चिकन मागितलं की येतं. कोळंबी मागितली की "किचनमें बोला है सर" येतं. शेवटी सळई येते ती तीन कोळंब्या घेऊन, आणि त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मध्ये कांद्याच्या मोठाल्या पाकळ्या. कोळंबी शिजायला दोन-तीन मिनिटं पुरतात. ही आत शिजून आलेली, वर इथे आमच्या समितीच्या देखरेखीखाली शेकलेली. मामा ती चावायला घेतात तेव्हा शेअरबाजाराचा विषय चालू असतो, गिळतात तेव्हा सोसायटीच्या पार्किंगचा.

टेबलावर एक चिमुकला झेंडाही असतो. तो उभा असेपर्यंत सळया येत राहतात. बास झालं की झेंडा आडवा करायचा. या मातीत झेंडा खाली करायची योजना ज्याने आखली, त्याला गिऱ्हाईक कळलं नाही म्हणावं, की पुरेपूर कळलं म्हणावं? "आपण झेंडा खाली करत नसतो," मामा सांगतात, आणि पट्टा एक भोक सैल करतात.

हॅल आर्केस आणि कॅथरिन ब्लूमर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटं काहींना पूर्ण किमतीत दिली, काहींना सवलतीत. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण पैसे मोजलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पैसे गेले होते ते कुणालाच परत मिळणार नव्हते, पण ज्याचे जास्त गेले तो जास्त वेळ बसला. बार्बेक्यूतही दर एकदा लागू झाला की पैसे गेले ते गेले. त्यानंतर खाल्लेली प्रत्येक सळई फुकट, आणि न खाल्लेलीही फुकटच. पण हे मामांना पटवणं अशक्य. त्यांची सगळी हयात बुडीत कर्जं वसूल करण्यात गेली आहे.

आणि ऐन रंगात आलं की दिवे मंद होतात. कुणाचा तरी वाढदिवस. बार्बेक्यूत कुणाचा तरी वाढदिवस असतोच, आणि ज्या दिवशी एकाचा असतो त्या दिवशी चौघांचा असतो. सगळे वाढपी एका टेबलाभोवती गोळा होतात, एकाच्या गळ्यात ढोलकी, डोक्यांवर कागदी टोप्या. नाव चिठ्ठीवरून वाचलं जातं, त्यामुळे 'मृण्मयी'चं जे व्हायचं ते होतं. उत्सवमूर्ती साठीचे काका असतील तर त्यांना आपलं तोंड कुठे ठेवावं ते कळत नाही. सबंध हॉल अनोळखी माणसासाठी टाळ्या वाजवतो, कारण थोड्या वेळाने आपलीही पाळी आहे. आणि अख्ख्या हॉलमध्ये निखारे ज्याला कळतात असा तो एकटा पोरगा, आमच्या सळया फिरवणारा, तो तिकडे ढोलकी बडवत असतो. गाणं लांबतं. इकडे सीखकबाबाची एक बाजू काळी होऊन दुसरी व्हायला लागते. मामेभाऊ सळई उचलायला जातो, चटका बसतो, सोडून देतो. पोरगा धावत येतो, कबाब बघतो, आमच्याकडे बघतो आणि म्हणतो, "सर, क्रिस्पी हो गया."

त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. चार-पाच टेबलं त्याचीच, निखारे त्याचेच, ढोलकी त्याचीच, आणि शेवटी गिऱ्हाइकाकडून पाच तारे मिळवण्याची जबाबदारीही त्याचीच. या धांदलीत मांसाकडे त्याने बघावं कधी?

भिंतीलगत मेन कोर्स मांडलेला असतो. झाकणांची चकचकीत भांडी, खाली निळी ज्योत. तिकडे फिरकणं म्हणजे मामांच्या दृष्टीने तह. एकटे मामेबहिणीचे सासरे तिथे जातात, कारण त्यांना रात्री वरण-भाताशिवाय झोप येत नाही. त्यांनी एकदा मला त्यांच्यातला चमचाभर दिला. पिवळी डाळ, वर लसणाची फोडणी. उत्तम होती. तिला कुणी परतायला, ब्रश फिरवायला किंवा फोटोत घ्यायला गेलं नव्हतं. गोडाच्या टेबलापर्यंत मात्र सगळ्यांच्यात पुन्हा जीव येतो, पण तिथल्या थंडगार दगडावर पान आणि गुलकंद कुटून केलेल्या कुल्फीबद्दल मी काही बोलणार नाही. तिला आगीचं निमित्त सांगता येत नाही.

भाजलेलं खाण्यात आपण काही कच्चे नाही. हिवाळ्यात हुर्ड्याला जाऊन बघा. शेतात आगटी खणलेली, तीत गोवऱ्यांचा विस्तव. ज्वारीची कोवळी कणसं विस्तवात खुपसायची, काढून तळहातावर चोळायची, फुंकरीने कोंडा उडवायचा आणि दाणे गरम आहेत तोवर शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर तोंडात टाकायचे. आगटीशी एक म्हातारा बसलेला असतो. तो कुणाला कणसाला हात लावू देत नाही. "सरका तिकडं, करपंल." रायगडात अलिबाग-पेणकडची पोपटीही तशीच. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, मसाला लावलेली कोंबडी, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात. ते कधी काढायचं, हे एकच माणूस ठरवतो, आणि तो ठरवेपर्यंत बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. त्यात त्याचा मेहुणा असला तरी.

अमेरिकेत टेक्सासमधल्या लॉकहार्टसारख्या गावांत ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचा भला थोरला तुकडा, ११० अंशांच्या आसपासच्या धुरात दहा-बारा तास ठेवतात. कधी त्याहूनही जास्त. रात्रभर एक माणूस जागून लाकडं सारतो. ऑस्टिनमधल्या फ्रँकलिन बार्बेक्यूपुढे लोक सकाळपासून रांग धरतात, आणि मांस संपलं की संपलं. पुणेकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. मिसळ संपल्याचं दुपारी बारालाच सांगणाऱ्या मालकावर आपण चिडतो, चारचौघांत त्याच्या माजाचे किस्से सांगतो, आणि पुढच्या रविवारी साडेआठलाच त्याच्या दारात उभे असतो. जी वस्तू संपते, तिच्यापाशी कुणीतरी लक्ष देऊन उभं असतं. जी संपतच नाही, तिच्याकडे लक्ष द्यायची ना देणाऱ्याला गरज, ना घेणाऱ्याला उसंत. अनलिमिटेडची खरी किंमत ही, आणि ती बिलात दिसत नाही.

बिलात काय दिसतं ते मामा बघतात. बिलात आपोआप सेवाशुल्क लावता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बजावलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. दोन्ही बातम्यांची कात्रणं मामांच्या पाकिटात आहेत. पण बिलात सेवाशुल्क नसतंच. सगळा दारूगोळा तसाच परत न्यावा लागतो, आणि या जेवणात मामांची सर्वांत मोठी निराशा बहुधा हीच असते.

मग तो पोरगा टॅब घेऊन येतो. "सर, फाइव्ह स्टार?" पनीर, कोळंबी, सीख यांच्याबद्दल संध्याकाळभर कुरकुरलेले मेहुणे त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघतात आणि पाच तारे देतात. वहिनी देते. मीही देतो. ते तारे बघून दुसऱ्या दिवशी शहरात कुठेतरी, कुणाच्या तरी पन्नाशीला, बारा जणांचं टेबल बुक होतं.

यावर उपाय काढला तो आत्याने. गेल्या खेपेला पोरगा पेटी घेऊन आला, तशी तिने त्याला हाताने थांबवलं. "भैया, ये आग मत रखो. तंदूरमेंसे निकाला की सीधा प्लेटमें लाव. गरम गरम." पोरगा गडबडला. मॅनेजर आला, "मॅडम, लेकिन एक्स्पीरियन्स..." म्हणाला. आत्याने एक्स्पीरियन्स नको म्हणून सांगितलं. पाच मिनिटांत पनीर आलं, कडेला काळसर, आत मऊ. पाठोपाठ चिकन आलं, आणि त्यातून चक्क रस निघाला. ब्रशचा प्रश्नच उरला नाही. मेहुण्यांना करायला काही नसल्यामुळे ते जेवले.

मामा तेवढे खट्टू. "ताई, पण मग हे साधं हॉटेल झालं की."

"झालं ना, भाऊ. मग पुढच्या वेळी साध्याच हॉटेलात जाऊ. माणशी सातशे वाचतात."

मामांनी टेबलाभोवती एकदा डोकी मोजली. "आठ हजार चारशे," ते पुटपुटले, आणि झेंडा स्वतःच्या हाताने आडवा केला.